लक्ष्य क्रमांक ३३

शनिवार, २७ ऑक्टोबर १९६२. वेळा वॉशिंग्टनच्या.

पहाट. क्यूबात रात्रभर पावसाने झोडपलं आहे. सोव्हिएत हवाई संरक्षण दलाला आपली रडार सुरू करायची परवानगी मिळाली आहे. इतके दिवस जी गप्प होती, ती आता सगळी जागी आहेत. हे अमेरिकेच्या वैमानिकांच्या दृष्टीने फार वाईट लक्षण होतं.

सकाळी ७ नंतर. फ्लोरिडातलं ऑर्लँडो, मॅकॉय हवाई तळ. मेजर रुडॉल्फ अँडरसन शुद्ध प्राणवायू घेत बसले आहेत. यू-२ हे टेहळणी विमान उडवायचं तर हे चुकत नाही. रक्तातला नायट्रोजन आधीच कमी केला नाही, तर त्या उंचीवर त्याचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडू शकतो.

वय ३५. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचा मुलगा, क्लेमसन कॉलेजचा पदवीधर. कोरियात आरएफ-८६ सेबरमधून टेहळणी केली आणि दोनदा ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळवला. १९५७ पासून यू-२. चौदा तारखेला मेजर रिचर्ड हायझर यांनी क्यूबातल्या सान क्रिस्तोबालजवळची सोव्हिएत क्षेपणास्त्रं टिपली आणि जग युद्धाच्या उंबरठ्यावर आलं. दुसऱ्याच दिवशी अँडरसनही क्यूबावर गेले होते. त्यानंतरही जातच राहिले.

९:०९. उड्डाण. विमानात तोफ नाही, बॉम्ब नाही. आहे तो एक कॅमेरा, आणि फिल्मची भलीमोठी रिळं.

१०:००. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सल्लागारांची बैठक. मॉस्को रेडिओवरून नवी अट आली आहे: क्यूबातली क्षेपणास्त्रं जायला हवी असतील, तर तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं हलवा.

१०:१२. अँडरसन क्यूबाच्या हद्दीत शिरतात. उंची सुमारे ७२,००० फूट. सोव्हिएत रडारवर एक ठिपका उमटतो. त्याला नाव मिळतं ‘लक्ष्य क्रमांक ३३’.

या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की विमान हळू झालं तर कोसळतं आणि वेग वाढला तर हादरे बसून मोडतं. दोन्हींमधलं अंतर जेमतेम काही नॉट. म्हणजे झटकन वळून निसटायची सोयच नाही. दोन वर्षांपूर्वी गॅरी पॉवर्स यांचं यू-२ रशियावर पडलं होतं, ते एस-७५ या सोव्हिएत विमानवेधी क्षेपणास्त्रानेच. क्यूबात त्याच क्षेपणास्त्रांची २४ ठाणी उभी राहिली होती. हे सगळं माहीत असून हा माणूस त्या कॉकपिटमध्ये बसला होता, हे वाचताना विसरू नये.

११:०० च्या सुमारास. विमान पूर्व क्यूबावर, ग्वांतानामोच्या दिशेने. तिथल्या अमेरिकी तळावर रोखलेली अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं रशियनांनी आदल्या रात्रीच पुढे आणली होती. वॉशिंग्टनला त्यांचा पत्ता नव्हता. तासाभरापासून डोक्यावर फिरणारा हा पाहुणा फिल्म घेऊन परत गेला, तर सगळं उघडं पडणार.

सोव्हिएत जनरल स्तेपान ग्रेच्को आणि जनरल लेओनिद गार्बुझ आपल्या सेनापतींना, जनरल प्लियेव्ह यांना, शोधतात. ते सापडत नाहीत. विमान वायव्येला वळलं आहे, थोड्याच वेळात समुद्रावर जाईल. मॉस्कोला विचारायला वेळ नाही. ग्रेच्को आदेश देतात: पाडा. माझ्या मते तो नेम माणसावर नव्हताच, कॅमेऱ्यावर होता. मेला मात्र माणूस.

११:१९. बानेसजवळच्या तळावरून मेजर इव्हान गेर्चेनोव्ह यांची तुकडी क्षेपणास्त्रं सोडते. स्फोटाचे तुकडे कॉकपिटमध्ये घुसतात, अँडरसन यांचा प्रेशर सूट फाटतो. त्या उंचीवर सूट फाटला, की माणूस वाचत नाही. घरी पत्नी आणि दोन लहान मुलगे होते. क्षेपणास्त्रांच्या या पेचप्रसंगाच्या तेरा दिवसांत शत्रूच्या माऱ्यात मेलेला अमेरिकन सैनिक हा एकच.

(त्याच आठवड्यात आपल्या उत्तर सीमेवर चीनचं आक्रमण सुरू होतं. तिबेटवर कॅनबेरा विमानातून छायाचित्रं काढणारे जगमोहन नाथ यांना पुढे महावीरचक्र मिळालं. बिनशस्त्र विमानातून फोटो काढायला जाणाऱ्यांचं शौर्य आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे.)

दुपार. दुसरं एक यू-२ अलास्काकडून भरकटून थेट सोव्हिएत हद्दीत शिरतं. मिग पाठीमागे लागतात, ते कसंबसं परततं. अँडरसन यांचा पत्ता नाही.

संध्याकाळ. पाडलं गेल्याची खात्री होते. यू-२ पडलं तर ते पाडणारं क्षेपणास्त्र ठाणं उडवायचं, असं चारच दिवसांपूर्वी ठरलं होतं. हवाई दल त्यासाठी अधीर झालं आहे. केनेडी थांबवतात. मला या साऱ्या दिवसातली ही सर्वांत अवघड कृती वाटते.

७:४५. राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटतात. वैमानिक मेल्याचं सांगतात, सेनाधिकाऱ्यांचा दबाव सांगतात, आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील, पण हे बाहेर फुटता कामा नये, असंही.

रविवार, सकाळी ९:००. मॉस्को रेडिओ जाहीर करतो: क्षेपणास्त्रं परत नेणार.

६ नोव्हेंबरला अँडरसन यांचं ग्रीनव्हिलमध्ये दफन झालं. ‘एअर फोर्स क्रॉस’ हे नवं पदक पहिल्यांदा दिलं गेलं ते त्यांना, मरणोत्तर. आणि क्यूबातल्या सेनापतीला संरक्षणमंत्री मालिनोव्हस्की यांची तार गेली: समझोत्याच्या खुणा दिसत असताना विमान पाडण्याची तुम्ही फार घाई केलीत. यापुढे यू-२ वर मारा करायचा नाही, असा मॉस्कोचा हुकूम सुटला.