अपंगांचे कामजीवन

पोलिओ, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोग किंवा अवयव गमावणे यांमुळे अपंगत्व आलेल्या प्रौढांची कामेच्छा, जोडीदाराशी जवळीक आणि अपत्यप्राप्ती हा या नोंदीचा विषय. इच्छा बहुतेकांची शाबूत असते. आड येतो तो एकांताचा अभाव, माहितीचा तुटवडा आणि घरच्यांनी धरलेले मौन.

पोलिओत हालचालीच्या चेतापेशी मरतात, स्पर्शसंवेदना मात्र टिकते. त्यामुळे पाय लुळे पडले तरी कामसुख जाणवते. मज्जारज्जूच्या इजेत चित्र गुंतागुंतीचे असते. रज्जूच्या तळाची केंद्रे वाचली असतील तर मनातल्या विचाराने नाही, तरी स्पर्शाने पुरुषाला ताठरता येऊ शकते. वीर्यस्खलन मात्र अनेकांना जमत नाही आणि अपत्यासाठी वैद्यकीय मदत लागते. स्त्रीची पाळी इजेनंतर काही महिने थांबून बहुधा पुन्हा सुरू होते. म्हणजे गर्भ राहू शकतो आणि गर्भनिरोधनाचा विचारही करावा लागतो. ही साधी गोष्ट तिला रुग्णालयातून घरी जातानाच सांगायला हवी. सतत बसून असणाऱ्या स्त्रीला इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा साधन डॉक्टरांना विचारून निवडावे. संबंधापूर्वी मूत्राशय व आतडे रिकामे करणे, कॅथेटर बाजूला चिकटवून ठेवणे, उशांचा आधार घेणे उपयोगी पडते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याहून वर असेल तर उत्तेजनेत रक्तदाब एकाएकी चढू शकतो. डोके ठणकू लागले की लगेच थांबून उठून बसावे. त्रास ओसरला नाही तर तातडीने उपचार घ्यावेत.

तमिळनाडूत अपंगांच्या विवाहाला सरकारी साहाय्य मिळते: रोख रक्कम, बचतपत्र आणि मंगळसूत्रासाठी आठ ग्रॅम सोने असे त्याचे रूप राहिले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून अपंग व अव्यंग व्यक्तींच्या विवाहाला अनुदान आहे. गरीब जोडप्याला या पैशाचा आधार होतो, हे खरे. पण अव्यंग जोडीदाराने जणू त्याग केला आणि त्याची भरपाई मिळाली, असा अर्थ त्यातून निघतो, आणि तो अपमानकारक आहे.

कायदा विवाहाच्या पलीकडे जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आणि संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई केली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मात्र २०१९ पर्यंत विवाहकायद्यांत टिकून होते. तमिळनाडूच्या तंजावूर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ साक्कोट्टै येथे कुष्ठरुग्णांचे जुने रुग्णालय आहे. तिथून बरे होऊन घरी परतणाऱ्यांच्या संसारावरही या तरतुदीचे सावट होते.

हा विषय साहित्यात आणि चित्रपटातही आला आहे. तमिळनाडूच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील लेखिका सलमा यांनी स्त्रियांच्या देहाविषयी व इच्छांविषयी मोकळेपणाने लिहिलेली तमिळ कादंबरी सोनाली नवांगुळ यांनी ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या नावाने मराठीत आणली. नवांगुळ स्वतः व्हीलचेअर वापरतात. या अनुवादाला २०२० चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. शोनाली बोस यांच्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) या चित्रपटात सेरेब्रल पाल्सी असलेली तरुणी एका अंध स्त्रीच्या प्रेमात पडते. अशा समलिंगी जोडप्याला, किंवा लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना, तमिळनाडू व महाराष्ट्राच्या विवाह-साहाय्य योजनांत स्थान नाही. तिथे विवाहाचा पुरावा मागितला जातो.