डबा तोच, की नवा?

डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली की कल्याण, बदलापूर, वांगणी मागे टाकत गाडी नेरळला येते. मोठ्या रुळांच्या शेजारीच दोन फुटी रूळ दिसतात. माथेरानच्या छोट्या गाडीवर आपल्याकडे बरेच लिहिले गेले, पण बहुतेक इंजिनांवर आणि निसर्गावर. डब्यांकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. माझ्या मते या रेल्वेचा खरा इतिहास डब्यांच्या दुरुस्तीत दडलेला आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली माथेरानचा डोंगर चढून गेले आणि तिथे थंड हवेचे ठिकाण वसले. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून रेल्वे बांधली. 1904 साली काम सुरू झाले आणि 1907 साली गाडी धावू लागली. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. 1897 साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे याच गृहस्थांची. तिचे गेज अडीच फूट, माथेरानचे दोन फूट. चढ मात्र वीस फुटांना एक फूट, आणि वळणे इतकी तीव्र की जर्मनीतल्या ओरेनस्टाईन अँड कॉपेल कंपनीच्या इंजिनांची टोकाची चाके वळणाबरोबर सरकतील अशी रचना करावी लागली.

अशा उतारावर गाडी चालवण्यापेक्षा थांबवणे कठीण. कित्येक दशके हे काम माणसांच्या हातांनी केले. डब्यांवर ब्रेकमन असत. चालकाची शिट्टी ऐकून ते हातब्रेक आवळत किंवा सैल करत. कोणत्या वळणावर किती आवळायचे, पावसात ओल्या रुळावर किती आधी, हे ज्ञान मनगटात होते. ते कोणत्याही आराखड्यात सापडणार नाही.

मे 2016 मध्ये गाडी पाठोपाठ दोनदा रुळावरून घसरली आणि सेवा बंद पडली. त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले गेले. ऑक्टोबर 2017 अखेर अमन लॉज ते माथेरान गाडी सुरू झाली, तर जानेवारी 2018 मध्ये नेरळपासून. प्रवाशाला फरक फारसा दिसला नाही. डबा होता तसाच, फक्त त्याच्या पोटात नळ्या आल्या. पण त्या नळ्यांनी शंभर वर्षांचे एक कसब संपवले.

या डब्यांची मोठी दुरुस्ती कुठे होते? सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीच्या कारखान्यात. कॅलथ्रॉपच्या बार्शी लाईटचे हेच माहेर! ती रेल्वे 1954 साली सरकारने घेतली आणि 2000 नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. स्वतःचे छोटे रूळ गेले, पण छोट्या डब्यांची विद्या कारखान्यात राहिली. तीच आज कॅलथ्रॉपच्या दुसऱ्या रेल्वेला जगवते आहे. योगायोग म्हणा, पण मला तो वारशाचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

फेरबांधणी ही काही कमीपणाची गोष्ट नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत रिओ ग्रँडे सदर्न नावाची तीन फुटी रेल्वे होती. मंदीत वाफेच्या गाड्या परवडेनात, तेव्हा 1931 पासून तिने जुन्या ब्युइक आणि पिअर्स-अॅरो मोटारींना रेल्वेची चाके लावून टपाल आणि माणसे वाहिली. पुढे त्याच गाड्यांना बसचे सांगाडे चढले. 1950 मध्ये मालाच्या कप्प्यांना खिडक्या पाडून त्या पर्यटकांसाठी सजवल्या. रेल्वे 1951 साली बंद झाली, पण या गाड्या लोकांनी जपल्या. कारण त्यांच्यावरची प्रत्येक ठिगळ एका गरजेची नोंद होती.

हीच कसोटी मी माथेरानला लावतो. हवेचा ब्रेक ही गरज होती, ती वारशाच्या आड येत नाही. अलीकडे डिझेल इंजिनावर वाफेच्या इंजिनाचा साज चढवला गेला. ती हौस आहे. मुलांना आवडते, आवडू द्यावी, पण तिला इतिहास म्हणू नये.

2005 पासून माथेरान रेल्वे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला पुढे गेल्या, ही अजून थांबली आहे. मान मिळेल तेव्हा मिळो. त्याआधी एक काम आपल्या हातात आहे. हातब्रेक आवळणारी आणि कुर्डुवाडीत हे डबे उघडून पुन्हा जोडणारी माणसे आज बोलू शकतात. वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसायला हवे. फळी बदलता येते, चाक बदलता येते. ते बदलणारा हात एकदा गेला की डबा जुना असूनही परका होतो.