मेनूतील आयकॉन

मेनूतील आयकॉन : डेस्कटॉप संगणकावरील प्रोग्रामच्या मेनूत आज्ञेच्या नावाशेजारी येणारे छोटे चित्र. ‘फाइल’, ‘एडिट’ अशा शीर्षकांखाली उघडणाऱ्या यादीत, तसेच माऊसचे उजवे बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत ते आढळते. आज्ञेचे नाव शेजारीच लिहिलेले असताना चित्राची गरज किती, याविषयी इंटरफेस रचणाऱ्यांत एकमत नाही.

इतिहास : ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी मेनूपट्टी सर्वसामान्यांपर्यंत नेली. त्यांतील आज्ञा शब्दांतच असत; जोडीला चालू पर्यायापुढील बरोबरची खूण आणि कीबोर्ड शॉर्टकट एवढेच. सिस्टिम ७ मध्ये (१९९१) ॲपल मेनूतील प्रोग्राम व फाइलींना आयकॉन मिळाले, मात्र आज्ञा शब्दांतच राहिल्या. आज्ञांना आयकॉन देण्याची रीत मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मुळे रुळली. त्यात टूलबार व मेनू एकाच यंत्रणेवर बांधलेले होते आणि टूलबारवरच्या बटणाचे चित्र मेनूतील त्याच आज्ञेपुढेही दिसे. मेनू वाचता वाचता बटणाची ओळख व्हावी, हा त्याचा फायदा. ऑफिस २००७ मध्ये वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंटमधील मेनूंची जागा रिबनने, म्हणजे टॅबांत विभागलेल्या बटणांच्या पट्टीने, घेतली.

लिनक्सवर दोन परंपरा दिसतात. केडीई या डेस्कटॉपमध्ये आज्ञांपुढे आयकॉन दाखवण्याचा प्रघात आहे. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने २.२८ या आवृत्तीपासून (२००९) ते मूळ मांडणीतून काढले. पुढे ग्नोमच्या जीटीके या साधनसंचाच्या ३.१० आवृत्तीत (२०१३) चित्रासह मेनू-घटक देणारी सोयच कालबाह्य ठरवण्यात आली. क्यूटी या साधनसंचात मेनूतील आयकॉन संपूर्ण प्रोग्रामपुरते बंद करता येतात. लिबरऑफिसमध्ये ही निवड वापरणाऱ्यावर सोपवली असून ‘स्वयंचलित’, ‘दाखवा’ आणि ‘लपवा’ असे तीन पर्याय आहेत. ॲपलने मॅकओएस टाहोमध्ये (२०२५) आपली जुनी रीत सोडून मेनूंतील बहुतेक आज्ञांना आयकॉन दिले, आणि या वादाला नव्याने तोंड फुटले.

वस्तू आणि क्रिया : ग्नोमने आयकॉन काढताना काही अपवाद राखले. प्रोग्राम, फाइल, बुकमार्क, जोडलेली उपकरणे यांची चित्रे तशीच ठेवली. यामागचा भेद महत्त्वाचा आहे. पेन ड्राइव्ह किंवा वर्डची फाइल ही वस्तू आहे. तिचे ठरलेले रूप असते आणि ते इतरत्रही तसेच दिसते. शिवाय अशा याद्या सतत बदलत असल्याने नावांची सवय होत नाही, तेथे चित्र उपयोगी पडते. ‘पेस्ट स्पेशल’ किंवा ‘पेज सेटअप’ ही मात्र क्रिया आहे. तिला स्वाभाविक रूप नसल्याने चित्र संकेताने ठरवावे लागते आणि संकेत शिकावा लागतो. ‘सेव्ह’ची फ्लॉपी व ‘कट’ची कात्री हे संकेत दीर्घ वापराने रुजले, पण असे संकेत थोडेच आहेत.

परिणाम : सुझन वीडेनबेक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त शब्द, फक्त चित्रे आणि दोन्ही मिळून अशा तीन प्रकारच्या इंटरफेसची तुलना होती. नवशिक्यांची कामगिरी फक्त चित्रे असलेल्या प्रकारात बरीच खालावली. शब्द असलेल्या दोन्ही प्रकारांत ती चांगली होती. विंडोज ११ चा अनुभवही याला धरून आहे. त्यात (२०२१) फाइलीच्या उजव्या-क्लिक मेनूतील कट, कॉपी, रिनेम व डिलीट या आज्ञा केवळ चित्रांच्या ओळीत मांडल्या होत्या. २४एच२ आवृत्तीत (२०२४) त्या चित्रांखाली नावे आली. यावरून शब्दांची गरज सिद्ध होते, शब्दांसोबतच्या चित्राची नव्हे. ते चित्र कामी येते ते मुख्यतः शोधताना : परिचित आकार वा वेगळा रंग नजरेला आज्ञेच्या जागी लवकर नेतो.

हा लाभ चित्रांच्या विरळपणावर अवलंबून आहे. वीस आज्ञांच्या यादीत चारांपुढेच चित्र असेल तर ते चार उठून दिसतात. विसांपुढेही असेल तर कोणतेच उठून दिसत नाही. सर्व चित्रे एकरंगी, बारीक रेषांची असतील तर त्यांच्यातील फरक आणखी पुसट होतो. एका प्रोग्राममध्ये एका आज्ञेसाठी आणि दुसऱ्यात भलत्याच आज्ञेसाठी तेच चित्र आले, तर आधी शिकलेला संकेतही दिशाभूल करतो. मांडणीचाही प्रश्न असतो. काहीच आज्ञांना चित्र दिल्यास डावीकडे सर्वांसाठी रिकामी जागा राखावी लागते, अन्यथा नावांची कड वाकडीतिकडी होते. बरोबरची खूणही त्याच बाजूला येत असल्याने चालू पर्याय आणि निव्वळ चित्र यांत गल्लत होऊ शकते.

प्रचलित निकष : वस्तूंच्या याद्यांना आयकॉन द्यावा, आज्ञांपैकी टूलबारवर असणाऱ्या, वारंवार लागणाऱ्या किंवा ज्यांचा संकेत सर्वत्र रुजला आहे अशांनाच द्यावा, एक चित्र एकाच अर्थाने वापरावे, आणि योग्य चित्र सुचत नसेल तर ती जागा मोकळी ठेवावी.