पाणी आणि पलटण

लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की आमचे आबा पाण्याची गोष्ट सांगायचे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यानंतर पोलादपूरकडच्या डोंगरातलं घर सोडून आबा भरती झाले आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. तिथे आफ्रिकेतल्याही पलटणी होत्या. वाटेत त्यातल्या एका जवानाने खुणेने पाणी मागितलं. आबांनी कमरेची बाटली काढली, दोरीला लटकणारं बूच उपसलं. त्याने बाटली सरळ तोंडाला लावली, घटाघटा प्याला, पालथ्या हाताने ओठ पुसले आणि बाटली परत दिली. बाटलीवरचं खाकी कापड ओलं झालं होतं, हेसुद्धा आबा सांगायचे. जपान्यांबद्दल, बाँबबद्दल ते फारसं बोलत नसत. आपल्या हातचं पाणी एका परक्याने आपणहून मागून घेतलं, हे त्यांना त्या सगळ्या लढाईतून लक्षात राहिलं.

त्याआधीची गोष्ट त्यांच्या वडिलांची, माझ्या पणजोबांची. त्यांच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारच्या फौजेत चाकरी केली होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. सरकार बधलं नाही. पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. पणजोबा तिच्यात गेले. १९२१ मध्ये पलटण मोडली. गरज सरो, वैद्य मरो. ज्या साम्राज्याने १९१७ च्या ऑगस्टमध्ये हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचं जगजाहीर वचन दिलं, त्याच साम्राज्याने आपल्या शिपायांना गावकुसाबाहेरच्या जुन्या जागी परत पाठवलं. साम्राज्याच्या नावाला लागलेला हा बट्टा मला फार मोठा वाटतो, आणि त्यात आपल्या गावाचाही वाटा होता.

पणजोबा १९ मार्च १९२७ ला महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला गेले, ते आपल्यासारख्याच पेन्शनरांच्या घोळक्याबरोबर. डोक्याला पागोटं, हातात काठी. परिषदेला जमलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. चवदार तळं हाकेच्या अंतरावर होतं, पण तिथे अस्पृश्यांना पाणी घेऊ देत नसत. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारोंचा जमाव तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. थोड्या वेळाने ही माणसं वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली. मंडपात लोक जेवत असताना काठ्यांनिशी सवर्णांचा जमाव चालून आला. कित्येकांची डोकी फुटली. काहींना मुसलमान घरांनी आत घेतलं.

आबा इथे थांबायचे आणि मग एकेक शब्द तोलून सांगायचे. लढाई पाहिलेले शेकडो लोक त्या दिवशी महाडात होते. त्यांनी मनावर घेतलं असतं तर गावाची धूळधाण उडाली असती. बाबासाहेबांनी हात उचलू नका म्हणून सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. पणजोबांच्या खांद्याला काठी लागली होती. ते हातातली काठी तशीच आडवी धरून उभे राहिले. पुढे भेटेल त्याला ते हेच सांगत, "पलटणीत हुकूम मानायला शिकवलं, पण हा हुकूम सगळ्यांत जड."

युद्धातलं वर्तन म्हणजे रणांगणावरचंच वर्तन, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. शस्त्र चालवायला शिकलेला माणूस घरच्या अपमानापुढे काय करतो, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. त्या दिवशी महाडात शिस्त कुणाकडे होती आणि राडा कुणी केला, हे कुणालाही सांगता येईल. तळ्याचं पाणी १०८ घागरी पंचगव्य ओतून शुद्ध करून घेणाऱ्यांना मात्र ते कळलं नाही.

मताची गोष्टही याच तळ्याशी येते. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. त्यानुसार सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला तळं खुलं केलं, कागदावर. मग ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. तेव्हा मत मालमत्ता आणि कर पाहून मिळे. ज्यांना तळ्याचं पाणी नव्हतं, त्यांतल्या बहुतेकांना मतही नव्हतं. म्हणूनच १९१९ च्या जानेवारीत बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न मांडला होता. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी लोक बोटीने दासगावच्या बंदरात उतरून चालत महाडला आले, तेव्हा त्या परिषदेची तुलना बाबासाहेबांनी फ्रान्समधल्या १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली. सावित्री नदीकाठच्या आमच्या महाडला त्यांनी जगाच्या इतिहासात नेऊन बसवलं.

जगही आमच्याकडे पाहत होतं. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाबद्दल भारताने संयुक्त राष्ट्रांत तक्रार केली, तेव्हा आमच्या जातिभेदाकडे बोट दाखवणारे होतेच. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. घरातली कोंडी जगापुढे नेण्यात देशद्रोह नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आजीने पहिलं मत दिलं ते १९५१-५२ च्या निवडणुकीत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, चिन्ह पाहून तिच्यात कागद टाकायचा. आजीला वाचता येत नव्हतं. मत कुणाला दिलं, हे तिने आबांनाही सांगितलं नाही. बोटावरची शाई कितीतरी दिवस जपली. कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते ज्या शिष्टमंडळात होते, त्याने युद्धात ब्रिटनकडे साचलेल्या हिंदुस्थानच्या पैशाचा विषय लावून धरला होता. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट दुसरी. १७ कोटींहून अधिक मतदारांची ही निवडणूक पार पाडणारे सुकुमार सेन यांना पुढे सुदानने आपली पहिली निवडणूक घेण्यासाठी बोलावलं. परदेशात असं बोलावणं सैन्याच्या जोरावर येत नाही. त्यात आजीच्या शाईच्या बोटाचाही वाटा आहे, असं मी मानतो.

पुढेही जगात देशाचं नाव अशा वागण्यावरच ठरत गेलं. १९७१ मध्ये शरण आलेल्या सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैद्यांना जिनिव्हा करारानुसार वागवलं, तेव्हा देशाची मान उंचावली. आणीबाणीत ती खाली गेली. मार्च १९७७ मध्ये मतदारांनीच ती सावरली.

शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारलं. मोंटोनेने एक परका शिपाई लक्षात ठेवला. महाड आणि पोलादपूर या आमच्या दोन तालुक्यांत १९२७ च्या त्या पेन्शनरांची नातवंडं-पतवंडं आजही आहेत. रावढळ, लाडवली, दासगाव, पोलादपूरच्या वाड्या, गावोगाव जाऊन कुणाचा आजा कोणत्या पलटणीत होता आणि २० मार्चला तळ्यावर कुठे उभा होता, हे लिहून घ्यायला हवं. आमच्या घरापासून मी सुरुवात केली आहे.