बोट कधी मिळणार?

आधी पायात मोजे घाला. लोकरीचे आहेत, टोचतील. पण इथल्या थंडीत अनवाणी फिरलात तर बोटं लाल होऊन सुजतात आणि रात्रभर खाजवत बसावं लागतं. साल 1917, गाव लंडन, वस्ती हॅकनी. किंग एडवर्ड्स रोडवरचं हे 26 नंबरचं घर म्हणजे आयाज होम, विलायतेत अडकलेल्या आयांचं वसतिगृह, आणि तुम्ही सौंसरच्या. कामठीच्या छावणीत एका कप्तानाची पोरं सांभाळत होतात. मडम विलायतेला निघाली तेव्हा म्हणाली, फक्त बोटीपुरती चल.

ती बोट अजून अंगातून उतरलेली नाही. केबिनच्या फरशीवर तुमचं अंथरूण. एडनपर्यंत मडम डोकं वर काढत नव्हती, म्हणून एका हातात बादली आणि कडेवर बाळ. दूध, ओकारी, यंत्राचं तेल, सगळ्याचा मिळून एकच वास. लाल समुद्रात तर लोखंडी भिंतीला हात टेकला की चटका बसायचा. आणि एवढं करून लंडनच्या धक्क्यावर बाळ तुमचा पदर सोडेना, तेव्हा गोऱ्या नर्सनं त्याचं एकेक बोट सोडवलं. त्या रडण्याची याद आली की अजून कालवाकालव होते.

इकडे या, शेगडीजवळ. दगडी कोळशाचा धूर घशाला लागतो, पण ऊब आहे. भोवती ऐका: बंगाली, तमिळ, पलीकडे चिनी बायांची कुजबुज. कुणी भरतकाम करतंय, कुणी मोजे रफू करतंय. सैपाकघरातून भाताची वाफ आणि रश्श्याचा वास येतो. मिशनच्या लोकांनी ही सोय केली हे बरं केलं. भात-रश्श्याबरोबर येशूची भजनंही ऐकावी लागतात, पण डोक्यावर छप्पर आहे. भात गिचका आहे, तरी पोटभर खा. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आत्ता मनात आणू नका, घास गिळवणार नाही.

सगळ्यांच्या तोंडी एकच सवाल: बोट कधी? एरवी रीत अशी, की नेक मडम परतीचं तिकीट होमच्या मेट्रनकडे जमा करते. हिंदुस्थानात निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया लागली की मेट्रन ते तिकीट त्यांना विकते. त्या पैशात होमचा खर्च निघतो आणि पोरं सांभाळत तुम्ही घरी पोचता. म्हणजे घरी जायलाही चाकरीच हवी. तिकीट न देताच सटकणाऱ्या मालकिणीही आहेत. 1908 मध्ये एका आयाला किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड ठेवून सोडून दिलं होतं. परमुलखात, भाषा येत नसताना, एक पौंड! ज्या बाईच्या मांडीवर आपलं लेकरू निर्धास्त झोपलं तिला असं टाकून जाणं, याला माफी नाही.

तुमच्या मडमनं तिकीट दिलंय. पण महायुद्ध चालू आहे, समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरताहेत आणि सरकारनं बायांना त्या वाटेनं जायला बंदी घातली आहे. त्यामुळे घर भरत चाललंय आणि खाटा कमी पडताहेत. रात्री विमानांचा धोका, म्हणून खिडक्यांना काळे पडदे. मधेच लांबवर तोफांचे दणके बसतात, काचा थरथरतात आणि शेजारची मद्रासी आया तुमचा हात घट्ट धरते. तिची भाषा तुम्हाला येत नाही, तरी धरू द्या.

 

उठा, मेट्रननं हाक मारली. तिच्या हातात सरकारी कागद आहे, आणि तिचा चेहरा पाहूनच कळतं, परवानगी नाही. हुज्जत घालून उपयोग नाही, हुकूम तिचा नाही. नवा अर्ज लिहायला सांगा. ती दौत ओढते, टाक बुडवते, गाव विचारते. सौंसर म्हटल्यावर थबकते आणि नागपूर लिहायला लागते.

थांबवा तिला. सांगा, नागपूर नव्हे, सौंसर. कामठीवरून कन्हान वाहते ना, तिच्या वरच्या अंगाला आमचा मुलूख. इतवारीहून छोट्या गाडीत बसलं की स्टेशन लागतं. नीट लिहा, बाई.