भयकथा, ब्रिटिश : उत्कंठा आणि प्रतीक

ब्रिटिश भयकथा लघुकथेच्या आकारात स्थिरावली ती एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः नियतकालिकांच्या नाताळ अंकांतून. उत्कंठा आणि प्रतीक ही तिची दोन स्वतंत्र साधने मानण्याची रीत आहे. पण या परंपरेतल्या श्रेष्ठ कथांत त्यांना वेगळे काढता येत नाही. एखादी साधी वस्तू कथेत लवकर येते, तिचा पुरता अर्थ लेखक हातचा राखून ठेवतो आणि तो अर्थ उलगडेल या धास्तीतच वाचक अडकतो. चार्ल्स डिकन्सच्या ‘द सिग्नलमन’ (१८६६) या कथेत बोगद्याच्या तोंडाशी असलेला लाल दिवा आणि चौकीतली घंटा हे गाडीच्या सुरक्षिततेचे साहित्य आहे. तेच अपघाताची पूर्वसूचना देऊ लागते आणि सिग्नलवाल्याला धोका नेमका कुठे हे कळत नाही. मग तारेने कळवायचे तरी काय? आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून डिकन्स स्वतः वाचला होता.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) हा या रीतीचा सर्वांत नेटका नमुना. भारतातून आणलेला, एका फकिराने मंतरलेला माकडाचा वाळका पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. व्हाइट कुटुंब दोनशे पौंड मागते. मुलगा कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी जबाबदारी नाकारून नेमके तेवढेच पैसे देऊ करते. फकिराची जादू आणून जेकब्जने पूर्वेबद्दलच्या वसाहतकालीन समजुतीचा फायदा घेतला, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कथेतला थरकाप त्या पंज्यापेक्षा माणसाच्या जिवाला लागलेल्या किमतीने होतो, आणि ती किंमत पूर्णपणे इंग्रजी कारखान्यातली आहे. शेवटी, मुलगा परत यावा अशी इच्छा मागितल्यावर, दारावर थाप पडते, आई कडी काढायला धडपडते, बाप उरलेल्या इच्छेसाठी पंजा शोधतो; दार उघडते तेव्हा बाहेर कोणी नसते. आलेले काय होते, ते वाचकाला कधीच दिसत नाही.

मग न दाखवणे हेच भीतीचे मर्म का? एम. आर. जेम्स याला अपवाद म्हणून दाखवला जातो, कारण तो भूत समोर उभे करतो. त्याच्या १९०४ च्या संग्रहातल्या, सफोकच्या किनाऱ्यावर घडणाऱ्या, एका शिट्टीभोवती गुंफलेल्या कथेत प्राध्यापक पार्किन्ससमोर चुरगळलेल्या चादरीचा चेहरा उठून येतो. पण त्याआधी खोलीतला दुसरा, रिकामा पलंग कोणी वापरल्यासारखा दिसलेला असतो, आणि पार्किन्स बाहेर असताना एका मुलाला त्याच खोलीच्या खिडकीत काहीतरी हलताना दिसलेले असते. चादर उठते तेव्हा वाचक तिची वाटच पाहत असतो. म्हणून दाखवणे किंवा लपवणे ही कसोटी अपुरी आहे. वस्तूचा अर्थ किती काळ रोखून धरला, यावर कथेची ताकद ठरते. या प्रकाराशी पहिली ओळख करून घेणाऱ्या वाचकाने जेकब्जपासून सुरुवात करावी.