ट्रॅक्टरचे कुलूप आणि त्याची किल्ली

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील एक परदेशी उपकरण बंद पडले. आतला एक संवेदक निकामी झाल्याचे आमच्या तंत्रज्ञाने तासाभरात शोधून काढले. नवा संवेदक मागवला, बसवलाही. तरी पडद्यावर बिघाडाचा तोच क्रमांक! शेवटी कंपनीचा अभियंता आला, त्याने आपला संगणक जोडला, एक सांकेतिक शब्द घातला आणि उपकरण सुरू झाले. त्या दहा मिनिटांच्या कामासाठी आम्ही तीन आठवडे वाट पाहिली होती.

प्रयोगशाळेचे तीन आठवडे वाया गेले, तर फार तर एखादा शोधनिबंध लांबतो. ऐन सुगीत शेतकऱ्याचे तीन दिवस गेले, तर हाती आलेले पीक जाऊ शकते. आपले यंत्र आपणच दुरुस्त करण्याचा हक्क अमेरिकेतील शेतकरी मागू लागले, तो या अडचणीतून. त्या मागणीचा इतिहास येथे थोडक्यात पाहू.

गंमत अशी, की या वादात सर्वांत जास्त घेतले गेलेले नाव मुळात एका लोहाराचे आहे. जॉन डीअर हा व्हरमाँट राज्यातला लोहार इलिनॉयमधील ग्रँड डिटूर या गावी येऊन स्थायिक झाला. तिथली काळी, चिकट माती बिडाच्या नांगराला धरून बसे. शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा थांबून ती खरवडावी लागे. डीअरने १८३७ मध्ये करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर घडवला. त्यावरून माती आपोआप घसरू लागली. आज जगभर पसरलेल्या कंपनीची सुरुवात अशी गावच्या भात्याशेजारी, मोडक्या वस्तूचा उपयोग करण्यातून झाली.

पुढे इंजिने आली. फोर्डची मॉडेल टी मोटार १९०८ मध्ये बाजारात आली, तेव्हा शेतकऱ्यांनी तिच्याकडे नुसते वाहन म्हणून पाहिले नाही. मागचे चाक उचलून धरायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि करवत किंवा पाण्याचा पंप चालवायचा, असे उद्योग घरोघर चालत. १९१७ पासून फोर्डसन ट्रॅक्टर येऊ लागले. या यंत्रांचे बिघाड इंद्रियांना कळणारे होते. पट्टा सुटला तर दिसे, बेअरिंग झिजले तर ऐकू येई, तेल जळले तर वास येई. डोळे, कान, नाक आणि पान्यांचा संच एवढ्यावर बरेचसे भागत असे.

यंत्रात संगणक शिरला आणि हे चित्र बदलले. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही पद्धत जाहीर केली. वाहनातील निरनिराळे नियंत्रक दोन तारांच्या एकाच जोडीवरून परस्परांना संदेश देऊ लागले. पुढे ट्रॅक्टरमध्येही हीच पद्धत रुळली. त्यात धुराच्या नियमांची भर पडली. शेतीच्या डिझेल इंजिनांसाठी अमेरिकेत २००८ ते २०१५ या काळात टप्प्याटप्प्याने कडक मर्यादा लागू झाल्या. त्या पाळण्यासाठी अनेक इंजिनांत धुरामध्ये युरियाचे द्रावण फवारतात. उष्णतेने त्यापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व पाणी यांत होते. ही क्रिया नीट चालली आहे की नाही, यावर संवेदक लक्ष ठेवतात. एखादे वाचन मर्यादेबाहेर गेले, की नियंत्रक इंजिनाची शक्ती उतरवतो.

नियम योग्यच होते. पण इंजिन शाबूत असून संवेदक बिघडला, तरी ट्रॅक्टर रांगू लागतो. बिघाडाचा क्रमांक पडद्यावर दिसतो. त्याचे पूर्ण निदान करणारी आज्ञावली मात्र कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच असते. काही भाग तर असे, की ते बसवल्यावर त्यांची ओळख या आज्ञावलीनेच पटवून द्यावी लागते. आमच्या संवेदकाचे नेमके हेच झाले होते.

मग कोणी हुशार शेतकऱ्याने हे कुलूप स्वतःच का उघडू नये? येथे कायदा आड आला. अमेरिकेने १९९८ मध्ये डिजिटल कॉपीराइटचा कायदा केला. गाणी, चित्रपट यांच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून डिजिटल कुलूप फोडण्यास त्याने बंदी केली. कॉपीराइट संगणकाच्या आज्ञावलीलाही असतो आणि आज्ञावली ट्रॅक्टरमध्येही असते! अशा रीतीने गाण्यांसाठीचा कायदा शेतात येऊन पोहोचला.

या कायद्यात दर तीन वर्षांनी अपवाद ठरवले जातात. २०१५ च्या सुनावणीत डीअर कंपनीने अपवादाला विरोध केला. वाहनाच्या मालकाला त्यातील आज्ञावली वापरण्याचा, वाहन टिकेल तोवरचा, गर्भित परवाना मिळतो, असे तिचे म्हणणे होते. त्यावर शेतकऱ्यांनी विचारले, ‘मग आम्ही पैसे मोजून घेतले ते काय?’ त्याच वर्षी ट्रॅक्टरसह वाहनांच्या दुरुस्तीसाठी अपवाद मंजूर झाला. २०१८ मध्ये दुसऱ्याची मदत घेण्याचीही मुभा मिळाली. परंतु कुलूप उघडण्याची साधने बनवून विकण्यावरची बंदी तशीच राहिली. २०१७ मध्ये तर, युक्रेनमधून आलेल्या चोरट्या आज्ञावलीवर अमेरिकन शेतकरी आपले ट्रॅक्टर दुरुस्त करत असल्याच्या बातम्या छापून आल्या.

मोटारींच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. शेतीयंत्रांसाठीचा पहिला कायदा कोलोरॅडो राज्यात एप्रिल २०२३ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांसह डीअर कंपनीवर दावा दाखल केला.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे. आज्ञावली खुली केली तर कोणी धुराची यंत्रणा बंद करील, कोणी इंजिनाची शक्ती धोकादायक रीतीने वाढवील, अशी भीती त्या दाखवतात. ती अगदी खोटी नाही. पण येथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: बिघाड वाचणे, बिघडलेला भाग बदलणे आणि मूळ आज्ञावलीत फेरफार करणे. भीती आहे ती तिसरीची, आणि अडवल्या जातात पहिल्या दोन. कोलोरॅडोच्या कायद्याने हा फरक ओळखला. निदानाची साधने आणि माहितीपुस्तिका देणे त्याने बंधनकारक केले. सुरक्षा किंवा धुराचे नियम मोडणाऱ्या फेरफारांना मुभा दिली नाही.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर नाही. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना भारतात १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आहेत. ते पाळायचे म्हणजे या इंजिनांतही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलेच. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या हक्काविषयी संकेतस्थळही सुरू झाले.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांना गावातील ट्रॅक्टर, पंप किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन जा. कोणती कामे परत पाठवावी लागतात आणि का, हे त्यांना विचारू द्या. कौशल्य नाही म्हणून, सुटा भाग मिळत नाही म्हणून की माहिती दिली जात नाही म्हणून? तीन रकाने आखा आणि उत्तरे त्यांत भरा. तिसरा रकाना किती भरतो, ते पाहून वर्गात चर्चा करा. कौशल्य शिकवून येते, भाग मागवता येतो. तिसऱ्या रकान्यावर मात्र उपाय कोणी करायचा, हे मुलांनाच ठरवू द्या.